दोष वापरणाऱ्याचाच काय?

गेल्या दिवाळीत नातवाला टिकल्यांचे पिस्तूल आणले. दोन गुंडाळ्या उडाल्या आणि तिसरीला घोडा अडकला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, पोराने दामटून वापरले." अहो, दिवाळीत पिस्तूल दामटून वापरायचे नाही, तर काय देव्हाऱ्यात ठेवून आरती करायची?

वाचकहो, फराळाच्या ताटाशी बंदुकीचा विषय काढतो म्हणून रागावू नका. हेच उत्तर खेळण्याबाहेरही दिले जाते, आणि तिथे ते जिवावर बेतते.

मी राहणारा गडमुडशिंगीचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिने तपासण्यात माझी उमेद गेली. आमच्याकडचा शेतकरी इंजिनाचा रंग पाहत नसे. रात्रभर उसाला पाणी पाजून पहाटे ते कसे चालते, एवढेच विचारी. थंड इंजिन कोणतेही गोड बोलते; खरा स्वभाव कळतो तो तापल्यावर.

बंदुकीचेही तेच. एकामागून एक गोळ्या सुटल्या की नळी तापते, वंगण जळते, काजळी साचते, भाग अडखळू लागतात. नळी अतिच तापली तर आत बसलेले काडतूस चाप न ओढताही उडू शकते. म्हणून स्वयंचलित रायफलीची परीक्षा दहावीस गोळ्यांच्या नेमबाजीने होत नाही. ती धुळीत, चिखलात, थंडीत, न थांबता, मोडेपर्यंत झाडून घ्यावी लागते.

पुण्याला पाषाण येथील शस्त्रसंशोधन संस्थेत जन्मलेली 'इन्सास' 1999 साली कारगिलला गेली. तिथल्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. 2005 च्या ऑगस्टात नेपाळात कालिकोट येथे माओवाद्यांशी झालेल्या लढाईत चाळीसहून अधिक जवान कामी आले. लढाई लांबली तेव्हा इन्सास बिघडल्या, असे नेपाळी सेनेने सांगितले. आपल्याकडून उत्तर गेले, वापर नीट झाला नसेल. म्हणजे पोराने दामटून वापरले!

हा रोग केवळ आपलाच नव्हे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने शिपायांच्या हाती एम-16 दिली. काडतुसातली दारू बदलली, सफाईचे साहित्य पुरेसे दिले नाही, आणि रायफल अडकली तेव्हा बोल लावला तो शिपायाला. 1967 साली तिथल्या लोकप्रतिनिधींच्या समितीने चौकशी करून ठपका ठेवला तो मात्र वरच्यांच्या कारभारावर.

कोणी म्हणेल, वापरणाऱ्याचीही चूक असतेच की! असते ना. आमचा शेतकरीही कधी गाळाचे तेल ओतायचा. परंतु घाम, धूळ, घाई आणि जागरण धरूनच इंजिन घडवावे लागे. मग शिपायाच्या हत्याराला ही सवलत का नसावी?

आता अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे एके-203 घडते आहे. माझे मागणे एवढेच : तिची परीक्षा घडवणाऱ्याने नव्हे, खांद्यावर वाहणाऱ्याने घ्यावी. कितव्या गोळीला काय मोडले, ते लिहून ठेवावे, आणि शिपायाला आधी सांगावे.

खंडेनवमीला आपण शस्त्राला हळदकुंकू वाहतो. अवश्य वाहावे. परंतु त्याआधी ते हत्यार तापवून पाहिलेले असावे. सीमेवर लढाई लांबते तेव्हा कुंकू उपयोगी पडत नाही. आणि ते हत्यार ज्याच्या हाती असते, त्याच्यासाठीही कुणाच्या तरी घरी दिवाळीचे ताट झाकून ठेवलेले असते.