मुलीला रोगाचे नाव देण्यापूर्वी

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करताना गेल्या काही वर्षांत एक दृश्य आमच्या नित्य परिचयाचे झाले आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, सोबत चिंताग्रस्त आई आणि आईच्या हातात सोनोग्राफीचा अहवाल. ‘डॉक्टरसाहेब, हिला पीसीओडी निघाला. पुढे लेकरू होईल ना?’ हा आईचा पहिला प्रश्न. मुलगी मान खाली घालून बसलेली असते.

अशा वेळी आपण वैद्यवर्ग काय करतो? बहुधा अहवाल प्रमाण मानतो, कांचनार गुग्गुळ लिहितो आणि ‘वजन कमी कर’ असे बजावतो. आम्हीही हेच करीत होतो. अशाच एका मुलीस आम्ही रात्रीचे जेवण बंद करावयास सांगितले होते. दोन महिन्यांत तिला चक्कर येऊ लागली, वजन मात्र जैसे थे. चूक तिची नव्हती, आमची होती.

अंडाशयात अनेक सूक्ष्म बीजपुटके दिसणे ही कौमार्यावस्थेत स्वाभाविक बाब असू शकते. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे सांगितले आहे. या वयात अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्याची लक्षणे अथवा तसा रक्ततपासणीचा पुरावा, ही दोन्ही हवीत. पहिले वर्षभर पाळी मागेपुढे होणे हे स्वाभाविकच. एक ते तीन वर्षांपर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. एकच लक्षण असेल तर ‘संभाव्य’ म्हणून लक्ष ठेवावे. शिक्का मारू नये. थायरॉइड व प्रोलॅक्टिनची तपासणी करून इतर कारणेही वगळावीत.

पीसीओएस हे नाव संहितांत नाही. नष्टार्तवाशी त्याचे साम्य आहे इतकेच. परंतु मेदोवृद्धीचा विचार चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात केला आहे. तेथे हेतूंमध्ये अव्यायाम व दिवास्वाप यांच्यासह बीजस्वभावही सांगितला आहे. म्हणजे आईला मधुमेह असलेल्या मुलीचे वजन वाढले, तर ते केवळ जिभेच्या लाडांमुळे, असे शास्त्रही म्हणत नाही. स्थूल व्यक्तीचा अग्नी प्रदीप्त असतो व भोजनाची वेळ टळल्यास विकार संभवतात, हेही तेथेच सांगितले आहे. मग वाढत्या वयाच्या मुलीस उपाशी ठेवणे हे कोणत्या शास्त्रात बसते? चिकित्सेचे सूत्र आहे ते गुरु परंतु अपतर्पण आहाराचे आणि व्यायाम क्रमाक्रमाने वाढविण्याचे.

हा आहार आमच्या वर्धा जिल्ह्यात विकत आणावा लागत नाही. ज्वारीची भाकरी, मूग, बरबटी, पालेभाजी, ताक हे घरातच आहे. कमी करावयाचे ते गोड चहा, बिस्किटे, पुडीतले खाऱ्याचे पदार्थ आणि फोडणीचे तेल. मात्र हा बदल साऱ्या घराने करावा. भाऊ समोशावर ताव मारतो आणि बहिणीच्या ताटात काकडी, हे पथ्य नव्हे, शिक्षा आहे. तसेच दहावीनंतर मुलीचे खेळणे सुटते, ते सुटू देऊ नये. रोज तासभर श्रमयुक्त हालचाल हवी. घरकाम हा त्यास पर्याय नव्हे. मूळ वजनाच्या पाच टक्के घट झाली तरी पाळीस लाभ होऊ शकतो. वजन काट्यावर दिसेल इतके उतरले नाही, तरी व्यायाम वाया जात नाही.

औषधांबाबत आमचे मत सावध आहे. अल्पवयीन मुलीस दीर्घकाळ रसौषधी देऊ नयेत. वर्षभरानंतर कोणतेही आर्तवचक्र ९० दिवसांपलीकडे लांबले, आवाज घोगरा झाला वा लव झपाट्याने वाढली, तर विनाविलंब सेवाग्रामच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. यात वैद्याचा कमीपणा नाही. मानेवर काळपटपणा दिसल्यास रक्तशर्करा अवश्य तपासावी.

शेवटी आईच्या त्या पहिल्या प्रश्नाविषयी. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना, काहींना उपचारांच्या साहाय्याने, अपत्यप्राप्ती होते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे; आणि ते मुलीकडे पाहून सांगावे. कारण रुग्ण ती आहे, तिचे उद्याचे लग्न नव्हे. औषधयोग लिहिण्यापूर्वी आपण सर्वांनी एवढे पथ्य पाळावे, अशी आमची नम्र विनंती आहे.