गाव फेब्रुवारीत घरी असेल का?

आपल्या गावाचं नाव कधी गुगल केलंय? करून बघा. एकूण कुटुंबं, स्त्रिया-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, कामगार... अख्खं गाव एका तक्त्यात मिळतं. फक्त तो तक्ता २०११ चा असतो. त्यातल्या ‘० ते ६’ च्या रकान्यातली पोरं आज आपल्यासोबत कॅन्टीनमध्ये चहा पितायत!

२०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली आणि मग लांबतच गेली. आता माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. ती मोबाइल अॅपवर होणार आणि जातही नोंदवली जाणार. चर्चा सगळी जातीच्या रकान्याची चाललीय. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. नाशिक जिल्ह्यातली कितीतरी गावं फेब्रुवारीत गावात असतात का?

२०११ च्या आकड्यांनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख, त्यात दर चार माणसांमागे एक आदिवासी. सुरगाणा, पेठकडे तर बहुसंख्य तेच. तिथली भात-नागलीची शेती पावसावर. पीक घरात आलं की कामासाठी दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरायची. आणि फेब्रुवारी म्हणजे द्राक्षकाढणीचा ऐन हंगाम! म्हातारी माणसं घर राखतात, कमावते हात बागेतल्या शेडमध्ये.

गेल्या वेळचा नियम असा होता: मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसेल, तो जिथे असेल तिथे मोजायचा. नियम चुकीचा नाही. होस्टेलवरची मुलंही होस्टेलवरच मोजली जातात. पण होस्टेलला पत्ता असतो, रजिस्टर असतं. बागेच्या टोकाला ताडपत्रीखाली राहणाऱ्या कुटुंबाकडे प्रगणक पोचला नाही, तर ते ना गावात, ना बागेत. आणि पोचला, तरी माणसं बागेच्या गावात धरली जाणार, मूळ गाव कागदावर लहान होणार.

‘त्याने काय फरक पडतो?’ असं म्हणाल, तर बराच पडतो. ग्रामपंचायतीत सदस्य ७ असावेत की १७, हे लोकसंख्येवर ठरतं. आदिवासी भागात आरोग्य उपकेंद्राचा निकष ३ हजार लोकसंख्येचा आहे. वित्त आयोगाच्या निधीचं वाटपही लोकसंख्या बघूनच होतं. म्हणजे पोटासाठी बाहेर पडायचं आणि त्यामुळेच गावचा निधीही घटायचा! ज्या गावात रोजगार नाही, त्याच गावाला ही दुहेरी शिक्षा का?

म्हणून मोजणीच्या आधीच प्रशासनाने तलाठी, ग्रामसेवक आणि बागायतदारांना सोबत घेऊन मजुरांच्या वस्त्यांची यादी करायला हवी. गावाचा निधी आणि सोयी ठरवताना हंगामी स्थलांतर लक्षात घ्यायला हवं.

आणि आपण? एनएसएसच्या कॅम्पमध्ये आपण रस्ते झाडतो, भिंती रंगवतो. येत्या फेब्रुवारीत चार दिवस बागांमधल्या शेड दाखवायला प्रगणकांसोबत फिरू या की. ज्यांचे आईवडील बागेत असतील, त्यांनी एक फोन नक्की करा, ‘आई, तुमच्याकडे मोजायला कुणी आलं होतं का?’

उत्तर ‘नाही’ आलं, तर गप्प बसू नका. हा तक्ता मागचा होता तसा पुढची कित्येक वर्षं चालेल.