तुरटीला तोंड नसते

"टीचर, ये तो हमारे बाजूवाली का मुँह दिख रा!"

नववीच्या वर्गात स्टोव्हवर तवा ठेवून मी तुरटीचा खडा तापवत होते. धडा होता स्फटिकातल्या पाण्याचा. खडा आधी वितळला, मग खदखदला, फुगला, आणि तव्यावर एक पांढरी, खडबडीत, पोकळ ढेप उरली. ती पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला आणि सगळा वर्ग हसला. हसणाऱ्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांच्या प्रत्येकाच्या घरी ही ढेप बनते. फक्त तिथे तिला 'तजरबा' म्हणत नाहीत, 'नजर उतारना' म्हणतात.

मी त्या दिवशी तीन खडे आणले होते. एक वर्गातल्या डस्टरवरून सात वेळा उतरवला, दुसरा भिंतीवरच्या घड्याळावरून, तिसरा कशावरूनच नाही. तिन्ही सारखेच फुगले. मग मुलांना चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितले, पहिल्या ढेपेत काय दिसते ते शेजाऱ्याला न विचारता लिहा. कुणी उंट लिहिला, कुणी बोका, कुणी दाढीवाला माणूस, कुणी मक्याचे कणीस. बहुतेकांनी मात्र 'औरत' लिहिले. डस्टरला नजर लावणारी ही औरत कोण, असे मी विचारले तेव्हा पुन्हा हशा झाला.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, हमारी फूफी को इसीच वास्ते घर में आने नै देते."

हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

आपल्या घरांत काय काय चालते, ते आपल्याला ठाऊक आहे. मूल किरकिर करू लागले, दूध पिईना, की सात सुक्या मिरच्या, मूठभर मीठ, थोडी राई, उंबऱ्याची माती, झाडूची काडी आणि गळलेल्या केसांचा गुंता एकत्र करून डोक्यापासून पायापर्यंत उतरवायचा आणि निखाऱ्यात टाकायचा. ठसका लागला नाही तर नजर होती, लागला तर नव्हती. बाळंतिणीच्या उशाशी चाळीस दिवस चाकू. बाळाच्या मनगटात काळा दोरा, डोळ्यांत सुरमा, कपाळावर तीट. मगरिबच्या वेळी दारे लावून लोबानचा धूर. चिनीमातीच्या बशीत केशराने लिहायचे आणि धुऊन पाजायचे. केशर परवडत नाही म्हणून खाण्याचा रंग. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे तुरटी. कारण मिरची फक्त नजर होती की नव्हती एवढेच सांगते, तुरटी म्हणे नजर कुणाची ते दाखवते.

भिंतीपलीकडच्या हिंदू घरात हेच सामान 'दृष्ट काढायला' वापरतात. मीठ तेच, मोहरी तीच, मिरच्याही त्याच किराणा दुकानातल्या. या एका बाबतीत आपल्या दोन्ही समाजांची एकी कधी मोडली नाही.

"हे बुजुर्गांपासून चालत आले आहे," असे सांगितले जाते. कोणत्या बुजुर्गांपासून? मिरची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणली. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या काळात अरबस्तानात मिरची नव्हती आणि इथल्या ऋषिमुनींच्या आश्रमातही नव्हती. ज्या मिरचीला आपण दीनचा आणि परंपरेचा आधार देतो, ती बटाट्यासारखीच जहाजातून उतरलेली पाहुणी आहे. ठसक्याचे म्हणाल तर निखारा धगधगीत असला की मिरची धूर धरण्याआधीच जळून जाते. अंगणात वारा असला की धूर नाकापर्यंत येत नाही. बंद खोलीत, मंद आचेवर तीच मिरची टाकून पाहा. नजर असो वा नसो, घरदार खोकत बाहेर येईल.

तुरटीचे गणितही साधे आहे. तिच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग पाणी असतो. साधारण ९२ अंश सेल्सिअसला ती त्या आपल्याच पाण्यात विरघळते. आणखी तापली की पाणी वाफ होऊन बाहेर पडते, आणि जाताना उरलेल्या पदार्थाला फुगवून जाते. वाफेने जसा फुगा केला तसा आकार. त्यात नाक, डोळे, हनुवटी आपण भरतो. ढगात हत्ती दिसतो तसे. पण ढगातल्या हत्तीवर कुणी दार बंद करत नाही.

तुरटीतल्या चेहऱ्यावर करतात. मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. माझा धाकटा भाऊ वाळत चालला होता. संध्याकाळी ताप, मानेला गाठी, खाणे बंद. अम्मीने ओळीने तीन जुमेरातींना तुरटी उतरवली. तिसऱ्या वेळी तिला माझ्या खालाचा, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीचा चेहरा दिसला. "हनुवटीवरचा तीळसुद्धा," अम्मी सांगत असे. खालाला मूल नव्हते. तिनेच भावाच्या पायात चांदीचे घुंगरू घातले होते. एवढा पुरावा मोहल्ल्याला पुष्कळ झाला. मग एक आमिल आले. त्यांनी डोळे मिटून सांगितले, "घरचीच कुणी बाई आहे." आमिल नेहमी हेच सांगतात. बाहेरचे नाव घेतले तर भांडण होईल, पोलीस येतील. घरच्या बाईचे घेतले तर फक्त एक बाई रडेल. घुंगरू विहिरीत गेले. खालाचे येणे बंद झाले.

भावाला शेवटी अब्बांनी सरकारी दवाखान्यात नेले. मानेतल्या गाठी क्षयाच्या निघाल्या. सहा महिने गोळ्या झाल्या आणि तो उभा राहिला. आज तो दोन मुलांचा बाप आहे. गोळ्यांनी गाठी गेल्या, पण खाला नऊ वर्षे परत आली नाही. गोळी कोणती आणि दोष कोणता हे कागदावर स्पष्ट लिहिलेले असताना कुणाच्याही मनात आले नाही की, आता त्या बाईला बोलवावे आणि म्हणावे, आमचे चुकले.

म्हणूनच "बिचाऱ्या बाया मीठमिरच्या उतरवतात, त्यात कुणाचे काय जाते?" हा प्रश्न मला मान्य नाही. राखण म्हटली की ज्याच्यापासून राखायचे तो वैरी आलाच. तो नसला तर शोधावा लागतो. आपल्या घरांत तो कुठे सापडतो? बिनमुलाची बहीण, तलाक होऊन परतलेली नणंद, विधवा चाची, सवत, भाड्याने राहणारी शेजारीण. तुरटीत कधी सासऱ्याचा चेहरा दिसल्याचे मी ऐकलेले नाही. घरभाडे थकवणाऱ्या मामूचाही नाही. ज्याच्याजवळ उलट बोलायची ताकद आहे, त्याचा चेहरा तव्यावर उमटत नाही.

प्रयोगानंतर एका विद्यार्थ्याचे वालिद शाळेत आले. म्हणाले, "तुम्ही साइन्स शिकवा. दीनमध्ये दखल नका देऊ. नजर हक आहे, हदीस आहे." हदीस आहे, मी नाकारत नाही. पण मी त्यांना विचारले, आणि आज सर्वांना विचारते, की त्याच दीनने इलाज कोणता सांगितला? दुसऱ्याचे चांगले पाहिले तर बरकतीची दुआ करा. सूरे फलक आणि सूरे नास पढा. अल्लाहची पनाह मागा. यात तवा कुठे आहे? तावीज लटकवण्याला शिर्क म्हणणारी हदीसही मुस्नद अहमदमध्ये आहे; ती सांगताना आपला आवाज का बसतो? जुम्याच्या बयानात शिर्कवर गरजणारे काही जण असरनंतर हुजऱ्यात तावीज लिहितात, हे मोहल्ल्यातले शेंबडे पोरही जाणते.

आणखी एक गोष्ट. सूरे हुजुरातमध्ये फार गुमान करू नका, काही गुमान गुनाह असतात, अशी ताकीद आहे. पाठीमागे वाईट बोलणे म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे, असे तिथेच सांगितले आहे. आणि सूरे बकराच्या १०२व्या आयतीत जादूची ओळख काय दिली आहे? नवरा-बायकोत ताटातूट करणारी विद्या. जादू म्हणजे तोडणे. मग दोन सख्ख्या बहिणींना नऊ वर्षे तोडणारी गोष्ट कोणती होती? खालाने तर काहीच केले नव्हते. जादू झाली ती आमच्याच चुलीवर, आमच्याच तव्यावर, आणि ती आम्हीच केली. नाव मात्र तिचे झाले.

अंगाला होणारे नुकसान वेगळेच. दगडी सुरमा बहुतेक वेळा शिशाचा असतो. शिसे बाळाच्या मेंदूला घातक आहे, आणि बाळ डोळे चोळून तीच बोटे तोंडात घालते. बंद खोलीतला लोबानचा धूर चार दिवसांच्या फुप्फुसांना सोसत नाही. यावर वाद घालायचे कारण नाही. ज्या डॉक्टरीणबाईंकडे आपण बाळंतपणाला जातो त्यांनाच विचारावे.

कायदाही आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणे, हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच ते पन्नास हजार दंड. हा कायदा कोणत्या एका धर्मावर नाही. पण आमच्या त्या आमिलांनी खालाचे नावच घेतले नव्हते. "घरचीच कुणी" एवढेच म्हणाले होते. नाव अम्मीच्या तव्याने आधीच सांगितले होते. स्वयंपाकघरात कायदा पोचत नाही, आणि तिथे पोलीस यावेत असे मलाही वाटत नाही. तिथे आपणच पोचायला हवे.

काही भाऊ म्हणतील, हे सगळे मराठीत कशाला लिहायचे? आपल्या घरचे उणे चव्हाट्यावर का? भाऊ, चव्हाट्यावर ती फूफी उभी आहे, जिला घरात घेत नाहीत. उणे कधीच बाहेर गेले आहे. आपण फक्त दार लावून आत बसलो आहोत.

आणि जे सुशिक्षित मित्र या बायांना 'जाहिल' म्हणून हसतात, त्यांनाही सांगायचे आहे. रात्री दोन वाजता पोर तापाने फणफणते, नवरा रिक्षा घेऊन बाहेर असतो, दवाखाना लांब असतो आणि घरात चाळीस रुपये असतात. तेव्हा आईच्या हातात काय असते? मीठ असते. ते मीठ म्हणजे तिची लाचारी आहे, आणि तिची मायाही. त्यावर हसू नका. मी स्वतः बी.एड. झाल्यावर, माझ्या मुलीला गोवर निघाला तेव्हा, सासूबाईंनी मीठ उतरवले तर गप्प राहिले होते. थर्मामीटर आणि तापाचे औषध घरात असले, रात्री नेणारे कुणी असले, तर तुरटीची निम्मी वेळ टळेल.

म्हणून माझे मागणे छोटे आहे. मीठ सोडवत नसेल तर आज सोडू नका. पण आधी ताप मोजा, दवाखान्याचा रस्ता धरा. मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून दुआ करा. तुरटी मात्र तव्यावर चढवू नका, आणि 'कुणाची?' हा प्रश्न विचारू नका. तुरटी गढूळ पाण्यात फिरवा; गाळ खाली बसेल. अल्लाहने ती त्या कामाची केली आहे.

गेल्या रमजानमध्ये मी घरीही तो प्रयोग केला. पाट्यावरच्या वरवंट्यावरून खडा उतरवला आणि तव्यावर टाकला. अम्मी खुर्चीवर बसून पाहत होती. ढेप झाली. त्यात तिलाही कुणीतरी दिसले असावे, कारण ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तो फिर वो तिल?"

मी काय सांगणार? तो तीळ तव्यावर नव्हता, बहिणीच्या हनुवटीवर होता. लहानपणापासून पाहिलेला. तो अम्मीला कुठेही दिसला असता.

खाला दोन वर्षांपूर्वी गेली. नानांच्या मय्यतीनंतर दोघींचे येणेजाणे पुन्हा सुरू झाले होते, पण त्या तुरटीबद्दल एक शब्दही निघाला नव्हता. आता अम्मी प्रत्येक नमाजनंतर तिच्यासाठी हात उचलते. अल्लाह कबूल करो. पण ज्यांच्या बहिणी, नणंदा, फूफ्या अजून हयात आहेत, त्यांनी मय्यतीची वाट पाहू नये. ईदला शिरखुर्म्याचा पहिला वाडगा त्या दारी न्यावा, आणि जे बोलायचे ते तिच्या तोंडावर बोलावे.