घूस गेली, पण कुठे?



गेल्या रविवारी इंग्लंडहून भाच्याचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात चोरी झाली. म्हटलं, "काय झालं रे?" तर म्हणे, "मावशी, लॉनची पार वाट लागली! मोलने जागोजागी मातीचे ढीग घातलेत. आता माणूस बोलावून सापळे लावणार. तुमच्याकडे काय करतात गं?"

मला हसूच आलं. मोल मुंबईत नाही, पण उकरणाऱ्यांची आम्हाला काय कमी! रे रोडला आमच्या इमारतीमागे खोलीएवढी जागा आहे, तिलाच आम्ही बाग म्हणतो. कढीपत्ता, अनंत, जास्वंद आणि मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू. तिथे आमची घूस. एका रात्रीत अळूचे कांदे फस्त आणि घमेलंभर उकीर बाहेर!

भाच्याला म्हटलं, तुझा मोल गांडुळं नि किडे खातो, झाडाची मुळं खात नाही. ढीग फावड्याने पसर आणि त्या बिचाऱ्याला राहू दे. घुशीचं तसं नाही. ती भिंतीखालची माती पोखरते. शिवाय तिच्या मुतातून लेप्टो पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहरात लेप्टोने माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. त्यामुळे पिंजरा लावायला माझी ना नाही. भूतदयेचं प्रवचन द्यायला मी बसलेले नाही. माझं भांडण आहे ते पिंजऱ्याचं दार पडल्यानंतर आपण जे करतो त्याच्याशी.

आमच्याकडची रीत सांगते. भजी नाहीतर सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवून रात्री पिंजरा ठेवायचा. सकाळी घूस सापडली की बघायला सगळी इमारत हजर. पण मारायची कोणी? एक म्हणतो, गणपतीचं वाहन. दुसरी म्हणते, आज चतुर्थी. तिसऱ्याला रक्त बघवत नाही. मग पिंजऱ्यावर गोणपाट टाकून तळमजल्यावरचा एक मुलगा रुळांपलीकडे झोपड्यांच्या बाजूला जातो आणि दार उघडून येतो. हात धुतले, चहा घेतला. पाप नाही, त्रास नाही!

हे मी दोन वर्षं पाहिलं. पाहिलं कसलं, "जरा लांब सोड रे बाबा, परत यायला नको," असं सांगणारी मीच. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेली बाई!

मग गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे धुणीभांडी करणारी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, झोपेत घुशीने तिच्या धाकट्याच्या पायाचा अंगठा कुरतडला होता. इस्पितळात इंजेक्शनं झाली. मी हळहळले आणि सहज विचारलं, "एवढ्या घुशी येतात तरी कुठून गं तुमच्याकडे?" भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "सकाळी पिंजरे घेऊन येतात की माणसं, बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

ती घूस आमचीच होती, असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. नव्हती, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

वर्गात मी १८९६ चा प्लेग दरवर्षी रंगवून सांगत असे. मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, हाफकिन यांनी १८९७ मध्ये लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग माणसांत येतो, हे पक्कं व्हायला आणखी काही वर्षं गेली. मग परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, शहरभर पकडलेले उंदीर आणून तपासू लागले. कुठल्या भागातला उंदीर, याची नोंद होई. सापडलेला उंदीर ही एका घरापुरती बाब नाही, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आम्ही मात्र तो गोणपाटाखाली झाकून दुसऱ्याच्या दारात सोडतो.

आणि 'आम्ही मारत नाही' याचा टेंभा कसला? महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक बॅटरी आणि काठी घेऊन अंधाऱ्या गल्ल्यांत फिरतात. एका रात्रीत तीस उंदीर मारायचे, असा त्यांचा हिशेब. जे आपल्याला बघवत नाही ते पोटासाठी कोणीतरी करतंच.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, खिडकीतून हाऊस गल्लीत टाकलेला शिळा भात आणि माशांची काटं बंद. आपणच जेवायला वाढायचं आणि आपणच पिंजरा लावायचा, याला काय म्हणावं? दोन, सापडलेली घूस कुठेही सोडायची नाही. वॉर्डातल्या कीटकनाशक खात्याला कळवायचं आणि तिथला माणूस येईपर्यंत पिंजरा आपल्याच दारात ठेवायचा. वास आला तरी चालेल. तीन, पिंजऱ्यात लांब नाकाची, बारीक डोळ्यांची चिचुंदरी सापडली तर तिला तिथल्या तिथे सोडायचं. ती उंदराच्या जातीची नव्हेच. नात्याने ती भाच्याच्या मोलला जवळची आणि खाते झुरळं नि किडे. उगाच उंदीर समजून तिला झाडूने मारतात.

इमारतीच्या बैठकीत मी हे मांडलं. थोडी कुरकुर झाली, पण सगळ्यांनी मान्य केलं. मध्ये एक घूस सापडली तेव्हा पालिकेचा माणूस येईपर्यंत अडीच तास पिंजरा जिन्याखाली होता. लोक नाकाला रुमाल लावून ये-जा करत होते.

हे सगळं मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, बाई. पण बाकीच्या बिल्डिंगींचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.