झाकली मूठ कोणाची?

मुंबई महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. तिच्या आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मधली. म्हणजे जवळजवळ ९ वर्षे मुंबईकराला आपला नगरसेवक निवडण्याची संधीच मिळाली नव्हती. साहजिकच या वेळी उमेदवारांचे कार्यकर्ते मोठ्या उत्साहाने घरोघर हिंडले. कांदिवलीत चारकोपपासून ठाकूर व्हिलेजपर्यंत ज्यांच्या दारावर थाप पडली, त्यांतील अनेकांना एक अनुभव आला असेल. दारातला तरुण हातातील मोबाइलवर बोट फिरवतो आणि घरात मते किती, यादीतील अनुक्रमांक कोणता, मतदान कोणत्या शाळेत, हे घडाघडा सांगतो. दुसऱ्या दिवशी घरातील प्रत्येकाच्या फोनवर नावानिशी संदेश येऊन थडकतो. मतदार यादीत फोन क्रमांक छापलेला नसतो. मग तो या मंडळींना दिला कोणी? हा प्रश्न क्षणभर मनात येतो आणि विरून जातो. उलट त्याच तरुणाला विचारावे, ‘बाबा रे, तुझ्या उमेदवाराची मालमत्ता किती, त्याच्यावर खटले किती?’ तर तो बहुधा ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणून जिना उतरू लागतो.

या लहानशा प्रसंगात आपल्या लोकशाहीचे एक मोठे वैगुण्य दडलेले आहे. ज्याच्या हाती सत्ता जावयाची त्याच्याविषयी मतदाराला थोडे ठाऊक असते आणि ज्याच्या हाती केवळ एक मत आहे त्याच्याविषयी पक्षांना पुष्कळ ठाऊक असते. वस्तुतः हे नेमके उलट असावयास हवे.

उमेदवाराची मूठ आपल्याकडे उघडली तीही सहजासहजी नव्हे. अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था स्थापून न्यायालयाची पायरी चढली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की उमेदवाराची मालमत्ता, त्याचे शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी खटले जाणून घेणे हा मतदाराचा अधिकार आहे. तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष हा निकाल बोथट करण्यासाठी एक झाले आणि कायदा बदलण्यात आला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तो बदलही रद्द ठरविला. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्र भरावे लागते. ही विखुरलेली प्रतिज्ञापत्रे गोळा करून, त्यांतील आकडे सामान्य माणसाला कळतील अशा रीतीने मांडण्याचे काम हीच संस्था करीत आली आहे. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ने माहिती अधिकाराचा उपयोग करून नगरसेवक व आमदार यांची हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न लोकांपुढे ठेवले. सरकारी कारकुनाला आपल्या मालमत्तेचे विवरण वरिष्ठांस द्यावे लागते. मग ज्याच्या हाती कोट्यवधींचा निधी सोपवावयाचा त्याने ते आपल्या मालकाला, म्हणजे मतदाराला, द्यावे यात अन्याय कसला?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. पुढारी हाही माणूस आहे, त्यालाही घर आहे, बायकामुले आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. तो अधिकार निवडणुकीला उभे राहिल्याने नष्ट होत नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी अरुणाचल प्रदेशातील एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले, की उमेदवाराने घरातील प्रत्येक चीजवस्तूचा हिशेब दिलाच पाहिजे असे नाही आणि उमेदवारीशी संबंध नसलेल्या बाबींत त्याला खासगीपणा आहे. आम्हांस हे मान्य आहे. पुढाऱ्याच्या मुलीची शाळा, पत्नीचे आजारपण, घरचा फोन यांच्याशी मतदाराला कर्तव्य नाही. अशी माहिती गोळा करणाऱ्यांनी ती गाळली पाहिजे, खटल्यातून निर्दोष सुटलेल्याची नोंद तत्परतेने सुधारली पाहिजे आणि प्रत्येक आकड्यामागचा कागद दाखविला पाहिजे. त्याचबरोबर, कोणत्या नागरिकाने कोणत्या उमेदवाराची माहिती पाहिली याची टिपणे त्यांनी ठेवता कामा नयेत. मत जसे गुप्त, तशी मत बनविण्यापूर्वीची चौकशीही गुप्तच असली पाहिजे.

तेव्हा कसोटी सरळ आहे: त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय? ही कसोटी नवी नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात ती शब्दशः होती. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण आक्रमण करणारी माहितीच तेवढी नाकारता येत असे, आणि जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे आश्वासनही त्यात होते. असा कायदा केंद्राच्या आधी, २००२ मध्येच करणाऱ्या महाराष्ट्राला त्याचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ही कसोटी आणि ते आश्वासन दोन्ही पुसून टाकली. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढे कारण पुरते. व्यापक लोकहितासाठी ती देण्याची तरतूद अन्य कलमात शिल्लक आहे हे खरे. पण जो नियम होता तो अपवाद झाला. शिवाय क्रम पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले तेव्हा माहितीचे दार लोटून घेणारे हे कलम तत्काळ अमलात आले, आणि नागरिकाच्या माहितीचे रक्षण करणाऱ्या प्रमुख कलमांना १८ महिन्यांची मुदत मिळाली!

बरे, ती कलमे लागू झाल्यावर तरी मतदाराची मूठ झाकली जाईल काय? कायद्यानुसार जाहीर करावीच लागणारी माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. त्यामुळे उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे उघडी राहतात, हे योग्यच; पण मतदार यादीही त्याच वाटेने बाहेर राहते. यादी बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. याच निवडणुकीपूर्वी, नोव्हेंबर २०२५ मधील मुंबईच्या प्रारूप यादीत सुमारे ११ लाख नोंदी दुबार असल्याचे उघड झाले होते. यादी कपाटात राहिली तर असले घोळ कोण तपासणार? परंतु यादीचा उपयोग ती तपासण्यापुरता असावा. तिला फोन क्रमांक, जात, भाषा, राहणीमान यांची जोड देऊन घराघराची कुंडली मांडणे हा निराळा उद्योग आहे, आणि त्याला आवर घालणे अगत्याचे आहे.

दुसरी बाब मतांच्या मोजणीची. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. आता यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा कळतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईतील मोठ्या गृहनिर्माण संकुलांच्या आवारातही केंद्रे उघडली गेली. वृद्धांची सोय झाली, मतदानाला हातभार लागला. पण कोणत्या संकुलाने कोणाला मते दिली हेही त्याबरोबर पुढाऱ्याला कळू लागले. पुढे त्या संकुलाच्या रस्त्याचे वा पाण्याचे काम रखडले, तर रहिवाशांच्या मनात शंका येणारच. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे यंत्र वापरावे अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली, विधी आयोगाने २०१५ मध्ये तिला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र ती मानली नाही.

मागण्या तीनच आहेत. माहिती अधिकारातील जुनी कसोटी परत आणावी. पक्षांनी मतदारांची कोणती माहिती कोठून मिळविली, हे सांगण्याचे बंधन त्यांच्यावर घालावे. आणि मते एकत्र मोजावीत. यांपैकी एकीलाही फारसा पैसा लागत नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण सामान्य माणसाची अब्रू राखण्यासाठी जन्मली. लोकांच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्या मुठीत आहेत तिच्यासाठी नव्हे. पुढच्या वेळी दारावर थाप पडेल तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारावेत: माझा नंबर तुम्हांला कोणी दिला, आणि तुमच्या उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र कोठे आहे? प्रत्येक दारात हे प्रश्न विचारले जाऊ लागले, तर त्यांची उत्तरे ‘साहेबां’नाही फार काळ टाळता येणार नाहीत.