‘अटॅकने गेले’ एवढ्यावर थांबू नका : एका विनोदी नटाची आठवण



कुणाच्या घरी भेटायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "काही नाही हो, बसल्या बसल्या अटॅक आला आणि गेले." ऐकणारा मान हलवतो, "निदान हाल तरी झाले नाहीत" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

आज मला याच वाक्याबद्दल लिहायचं आहे. बहुतेक वेळा ते बरोबर असतं. पण काही वेळा ते चुकीचं असतं आणि त्या चुकीची किंमत मागे राहिलेल्या रक्ताच्या नातेवाइकांना मोजावी लागते. हे मला शिकवलं एका अमेरिकन विनोदी नटाने. खरं तर त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या घरच्यांनी.

जॉन रिटर कोण होता?

आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून थोडी ओळख. ‘थ्रीज कंपनी’ ही मालिका अमेरिकेत १९७७ ते १९८४ या काळात एबीसी वाहिनीवर चालली. तिचा नायक जॅक ट्रिपर हा स्वयंपाकाचं शिक्षण घेणारा तरुण. त्याला दोन मुलींबरोबर भाड्याच्या घरात राहायचं असतं, पण घरमालकाला ते चालणारं नसतं. मग आपल्याला मुलींमध्ये रसच नाही, आपण समलिंगी आहोत, असं सोंग तो करतो. घरमालकाशी केलेली बनवाबनवी आणि ती निस्तरताना उडणारी तारांबळ ‘अशी ही बनवाबनवी’वर वाढलेल्या आपल्या पिढीला वेगळी समजावून सांगायला नको!

जॅकचं काम करणारा जॉन रिटर पडण्यात पटाईत होता. सोफ्यावरून कोलमडायचं, दारावर आपटायचं आणि दुसऱ्या क्षणी साळसूद चेहऱ्याने उभं राहायचं. या भूमिकेसाठी १९८४ मध्ये त्याला एमी पुरस्कार मिळाला. पुढे २००२ मध्ये ‘एट सिंपल रूल्स’ या मालिकेत तो तीन मुलांचा बाप झाला. ‘बिग बँग थिअरी’मधली पेनी तुमच्या मुलांना माहीत असेल. ती केली क्वोको या मालिकेत त्याची थोरली मुलगी होती.

माझी आणि त्याची गाठ मात्र टीव्हीवर पडली नाही. एका वैद्यकीय परिषदेत महाधमनीच्या आजारावर व्याख्यान होतं. पहिल्याच स्लाइडवर एका हसऱ्या माणसाचा फोटो होता. हा डॉक्टर असेल असं मला वाटलं. तो पेशंट होता.

त्या दिवशी काय झालं?

११ सप्टेंबर २००३. कॅलिफोर्नियातल्या बर्बँक इथे ‘एट सिंपल रूल्स’ची तालीम सुरू होती. रिटरला अचानक बरं वाटेनासं झालं, छातीत दुखू लागलं. त्याला लगेच जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे हार्ट अटॅक समजून उपचार सुरू झाले. नंतर लक्षात आलं की हा अटॅक नाही, महाधमनी आतून फाटली आहे. तोवर उशीर झाला होता. त्याच रात्री तो गेला. वय ५४. सहा दिवसांनी पंचावन्नावा वाढदिवस होता, आणि धाकट्या मुलीचा पाचवा वाढदिवस नेमका त्याच दिवशी होता.

चाहत्यांना हा मोठा धक्का होता. मालिकेच्या लेखकांनी त्याच्या जागी दुसरा नट आणला नाही. कथेतही बाप अचानक गेला असं दाखवलं आणि ते घर त्या दुःखातून कसं सावरतं हे पुढच्या भागांत आलं. विनोदी मालिकेत असं दाखवायला धाडस लागतं.

महाधमनी फाटते म्हणजे काय?

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. आम्ही तिला अयोर्टा म्हणतो. हृदयापाशी तिची रुंदी साधारण तीन सेंटीमीटर असते. तिच्या भिंतीला तीन थर असतात. काही कारणाने सर्वांत आतल्या थराला चीर पडली, तर रक्त त्या चिरेतून दोन थरांच्या मधे घुसतं आणि प्रत्येक ठोक्यासरशी त्यांना एकमेकांपासून सोलत पुढे जातं. ओलीमुळे भिंतीचा गिलावा सुटत जावा, तसं. याला अयोर्टिक डिसेक्शन म्हणतात.

वाटेत मेंदूकडे जाणारी शाखा दबली तर पक्षाघात होतो, पायाकडची दबली तर पाय गार आणि बधिर पडतो, हृदयाची स्वतःची शाखा दबली तर खरोखरच अटॅक येतो. म्हणूनच हा आजार ओळखायला अवघड जातो. हृदयाजवळच्या भागात फाटलं असेल, तर पहिल्या दोन दिवसांत उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक तासागणिक मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढतो, असं आम्ही पाठ्यपुस्तकात शिकलो. यावर तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय. खालच्या भागात फाटलं असेल, तर बऱ्याचदा बीपी काटेकोर खाली आणून, औषधांवर भागतं.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी अडकलेली असते, म्हणून आम्ही रक्त पातळ करणारी औषधं देतो. तीच औषधं फाटलेल्या महाधमनीत दिली तर रक्तस्राव वाढतो. म्हणजे एका आजाराचं औषध दुसऱ्या आजारात घातक ठरू शकतं. आणि इसीजी नॉर्मल आला म्हणून महाधमनीही नॉर्मल आहे असं होत नाही. निदानासाठी सीटी अँजिओग्राफी, एमआरआय किंवा अन्ननलिकेतून केली जाणारी इको तपासणी लागते.

रिटरच्या कुटुंबाने पुढे कोर्टात दाद मागितली. २००८ मध्ये ज्युरीने दोन डॉक्टरांना निर्दोष ठरवलं. त्या खटल्यावर मी भाष्य करणार नाही. छातीत दुखणाऱ्या माणसासमोर उभं राहून काही मिनिटांत निर्णय घेणं काय असतं, हे मला माहीत आहे.

घरच्यांनी आठवण कशी जपली?

रिटरची पत्नी एमी यास्बेक, तीही अभिनेत्री. तिला नवऱ्याच्या नावाने स्मृतिसमारंभ भरवून थांबता आलं असतं. तिने त्याच्या नावाने महाधमनीच्या आजारांसाठी संस्था काढली. डॉ. डायना मिलेविझ या तज्ज्ञांच्या साथीने २०१० मध्ये ‘रिटर रूल्स’ म्हणजे रिटरचे नियम लोकांसमोर आणले. थोडक्यात त्यांचा आशय असा : हा आजार तातडीचा आहे, अचानक उठलेली तीव्र वेदना हे त्याचं मुख्य लक्षण आहे, तो दुसऱ्या आजारासारखा भासू शकतो, योग्य स्कॅनशिवाय तो पकडता येत नाही, आणि कुणाला धोका जास्त आहे व तो कशाने वाढतो हे आधी कळू शकतं.

यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रिटरचा भाऊ टॉम याची तपासणी झाली, तेव्हा त्याचीही महाधमनी फुगलेली निघाली. वेळेत शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. त्यांचे वडील टेक्स रिटर हे काउबॉय चित्रपटांतले गाजलेले गायक-नट. ते १९७४ मध्ये अचानक गेले, तेव्हा कारण हार्ट अटॅक असंच मानलं गेलं होतं. मुलाच्या मृत्यूनंतर मात्र वडिलांच्या बाबतीतही शंका उभी राहिली.

जॉनच्या मृत्यूचं खरं कारण घरच्यांना कळलं नसतं, तर भावाने तपासणी कशासाठी केली असती?

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याचं सांगून झालं, आता माझं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बऱ्याच वर्षांपूर्वी पहाटे मला एका घरी बोलावलं. अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ, मी पोचेपर्यंत गेले होते. रात्रभर पाठीत कळ येत होती, गॅस असेल म्हणून ओवा खाल्ला होता. वहिनींनी विचारलं, "डॉक्टर, काय झालं हो?" मी म्हणालो, "मोठा अटॅक आला असणार." त्या वेळी मला ते सांत्वनच वाटलं. शवविच्छेदनाचा विषय मी काढला नाही, भावाची किंवा मुलाची तपासणी सुचवली नाही.

सहा वर्षांनी त्यांचा धाकटा भाऊ दोन्ही खांद्यांच्या मधे फाटल्यासारखं दुखतंय म्हणून आला. इसीजी जवळपास नॉर्मल. दोन्ही हातांचं बीपी घेतलं तर चाळीसचा फरक! त्याला शहरात पाठवलं, सीटीत डिसेक्शन निघालं, रात्रीच ऑपरेशन झालं. तो वाचला.

नंतर थोरल्याच्या मुलाची टू-डी इको केली. बावीस वर्षांचा, उंच, लांबसडक बोटांचा मुलगा. महाधमनीचं मूळ ४.४ सेंटीमीटर. आज तो बीपीच्या गोळीवर आहे, दरवर्षी इको करतो, जिममध्ये जड वजनं उचलायची मी बंद केली आहेत. तो विचारतो, "काका, बाबांना पण हेच झालं होतं का?" मला नक्की सांगता येत नाही. त्या घराला ‘अटॅक’ हा शब्द मीच दिला होता आणि तो देऊन मी प्रश्न बंद करून टाकला होता.

"दुःखात हे कशाला उकरायचं?"

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो मला समजतो. शवविच्छेदन म्हटलं की घरचे हात जोडतात. प्रत्येक मृत्यूत ते हवंच असंही नाही. पण कुणी तरुण वयात, अचानक, आधी फारसा आजार नसताना गेलं असेल, तर कारण शोधणं म्हणजे गेलेल्याचा अपमान नाही. त्याने कदाचित मुलांसाठी ठेवलेली ती शेवटची माहिती असते. त्या दिवशी जमलं नाही, तरी तेराव्यानंतर डॉक्टरांकडे जाऊन "आमच्यापैकी कुणाची तपासणी करायला हवी का?" एवढं नक्की विचारा.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

• छातीत, पाठीत, मानेत किंवा पोटात अचानक, पहिल्या क्षणापासूनच असह्य, फाडल्यासारखी किंवा सरकत जाणारी कळ आली तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. स्वतःच्या मनाने किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळ्या घेऊ नका.

• घरात कुणी अचानक गेलं असेल किंवा कुणाची महाधमनी फुगलेली असेल, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना ते आपणहून सांगा. "महाधमनीचं काही नसेल ना?" असं विचारलंत तर चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.

• आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर टू-डी इको करून घ्या. पुढचं डॉक्टर ठरवतील.

• बीपी आटोक्यात ठेवा आणि तंबाखू सोडा. या आजाराच्या बहुतेक पेशंटना उच्च रक्तदाब असतो. "मला काही त्रास होत नाही" म्हणून गोळी बंद करू नका.

• मार्फान सिंड्रोमसारखा आनुवंशिक आजार किंवा हृदयाच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असणाऱ्यांनी महाधमनीची नियमित तपासणी करावी.

एक गोष्ट स्पष्ट करतो. छातीत दुखण्याचं कारण म्हणून हार्ट अटॅक हा डिसेक्शनपेक्षा कितीतरी जास्त वेळा आढळतो. त्यामुळे हा लेख वाचून प्रत्येक छातीदुखीला सीटी स्कॅनचा हट्ट धरू नका आणि अटॅकचे उपचार नाकारू तर मुळीच नका. निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या, पण तुमच्या घराचा इतिहास त्यांच्या हाती द्या.

त्या व्याख्यानानंतर मी रात्री जेवण झाल्यावर ‘थ्रीज कंपनी’चे तुकडे शोधून पाहिले. पुढे काय होणार हे माहीत असूनही मी मोठ्याने हसलो. चाहत्यांनी त्याला असंच हसत आठवावं. घरच्यांनी त्याची जी दुसरी आठवण जपली, ती आपण आपल्या घरी आणू या. आज जेवताना थोरल्यांना विचारा, आजोबा कशाने गेले, काका कशाने गेले, तेव्हा त्यांचं वय काय होतं. उत्तर एका कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या रिपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.

काळजी घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधोपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)