जाहिरात कोणाच्या उपयोगाची?

मोबाइलवर तांब्याची घागर शोधावी, कसबा पेठेंतील तांबट आळींतून ती विकत आणावी, तरी पुढें घागरींच्याच जाहिराती येत राहतात. यंत्रास आपला शोध कळतो; गरज भागल्याचें कळत नाहीं. शिवाय जाहिरातीची जागा क्षणांत लिलावानें विकली जाते. तेथें विक्रेत्याची बोली व आपण तिकडे वळण्याचा संभव मोजतात, आपलें हित नव्हे. घागरीपुरती ही करमणूक. खतांच्या बाबतींत मात्र नुकसान. ऊस पिवळा पडल्याचा उपाय शोधतांच खतांच्या जाहिरातींची रीघ लागते. पण उणीव नत्राची, कीं चुनखडीच्या जमिनींतील लोहाची, हें परीक्षेवांचून ठरत नाहीं. २०१५ पासून मिळणाऱ्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेंत दोहोंची नोंद असते. शेतकरी बंधूंनीं आधीं ती वाचावी; मग जाहिरात पाहावी.